अंगण किती वाकडं?

आयसीयूत रोज रात्री बाराच्या ठोक्याला नळ्या मोजतात. किती पेशंटना सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी आहे, किती जणांना लघवीची नळी, किती जण व्हेंटिलेटरवर. नाइटची सिस्टर बेडमागून बेड फिरते, पांघरूण बाजूला करून बघते आणि रजिस्टरात तीन आकडे लिहिते. दहा मिनिटांचं काम. पण नेमकं तेव्हाच कोणाचं बीपी पडलं किंवा नवीन ॲडमिशन आली, तर ते सकाळवर जातं, आणि सकाळची सिस्टर कालच्या ओळीवर नजर टाकून अंदाजाने भरते. मी ठाण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर आहे. माझे आलेख, माझी दर महिन्याची मीटिंग, सगळं या तीन आकड्यांवर उभं आहे. म्हणून सकाळी पर्स ठेवायच्या आधी मी ते रजिस्टर उघडते. सलग चार दिवस "६, ६, ६, ६" दिसलं की समजायचं, कोणीही पांघरूण उचललेलं नाही.

या रोजच्या आकड्यांची महिनाअखेर बेरीज करायची. समजा सेंट्रल लाइनची बेरीज २५० आली आणि त्या महिन्यात एका पेशंटच्या रक्तात लाइनमधून जंतू गेले, तर आमचा दर झाला हजार लाइन-दिवसांमागे ४. जगभर हाच हिशोब चालतो, त्यामुळे ठाण्याचा आयसीयू आणि टोकियोचा आयसीयू निदान कागदावर तरी शेजारी बसू शकतात. या भागाकाराच्या वरच्या आकड्यावर, म्हणजे इन्फेक्शन किती यावर, आमच्याकडे रण पेटतं. "हे लाइनचं इन्फेक्शन नाही, आधीच न्यूमोनिया होता." "सॅम्पल घेताना कंटॅमिनेट झालं असेल." प्रत्येक केसवर अर्धा तास वाद. खालच्या आकड्याकडे, त्या २५० कडे, कोणी ढुंकून बघत नाही.

खालचा आकडा चुकला की काय होतं, हे आमच्या व्यवसायाच्या आद्य बाईंनीच दाखवून ठेवलं आहे. फ्लोरेन्स नाइटिंगेल म्हटलं की लोकांना हातात दिवा घेतलेली बाई आठवते. मला आठवतात तिचे तक्ते. रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात, म्हणजे त्यांची तुलना करता येईल, असा आग्रह तिने १८६० च्या सुमारास धरला होता. (भारतात ती कधीच आली नाही, पण इथल्या आरोग्याबद्दल आयुष्यभर लिहीत राहिली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. नर्सिंगच्या कोर्समध्ये हे कोणी सांगत नाही.) १८६३ साली तिने रुग्णालयांवरच्या आपल्या पुस्तकात इंग्लंडमधल्या मोठ्या रुग्णालयांचा मृत्युदर छापला. लंडनच्या २४ रुग्णालयांचा दर होता ९०.८४ टक्के.

शंभरातले नव्वद मेले असते तर लंडनमधल्या माणसाने रुग्णालयाची पायरीच चढली नसती. गोम अशी की वर्षभरातल्या मृत्यूंना भागलं होतं ते एका दिवशी, ८ एप्रिल १८६१ ला, रुग्णालयात असलेल्या पेशंटच्या संख्येने. वर्षभरात भरती झालेल्या सगळ्यांनी भागलं असतं तर दर कितीतरी खाली आला असता. डॉक्टर मंडळी तिच्यावर तुटून पडली. त्यांचं आणखी एक म्हणणं होतं, आणि ते आजही प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकू येतं: लंडनच्या रुग्णालयात गावाकडच्यापेक्षा जास्त आजारी माणसं येतात, मग आमचा आणि त्यांचा दर एका तक्त्यात का?

आपल्याकडे याला तयार म्हण आहे. नाचता येईना, अंगण वाकडं. कोणत्याही डॉक्टरला त्याचे आकडे दाखवा, पहिलं वाक्य अंगणाबद्दलच येतं. "सिस्टर, माझ्याकडे केसेसच तशा येतात." एवढी वर्षं हे ऐकून मला कळलेली गोष्ट अशी, की ही म्हण अर्धीच खरी आहे. पुष्कळदा अंगण खरोखरच वाकडं असतं. नाचणाऱ्याचा न्याय करायचा तर आधी अंगणाला दोरी लावावी लागते, आणि ते किचकट काम कोणालाच नको असतं; नाचणाऱ्यालाही नको असतं आणि बघणाऱ्यालाही.

ज्याला नशिबाने सपाट अंगण मिळालं असा एक माणूस म्हणजे व्हिएन्नाचा डॉक्टर सेमेलवाइस. एकाच रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग, एकात डॉक्टर आणि शिकाऊ विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या साधारण ११ बायका दगावल्या, दुसऱ्यात तीनच्या आत. आणि भरती होती दिवसाआड आलटून पालटून. कोणती बाई कोणत्या विभागात जाणार हे तिच्या आजारावर ठरत नव्हतं, वारावर ठरत होतं. त्यामुळे "आमच्याकडे केसेसच तशा" म्हणायला जागाच उरली नाही. फरक नाचात होता, म्हणजे शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येणाऱ्या हातांत. १८४७ मध्ये त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि पहिल्या विभागाचा आकडा कोसळला. पुढे त्याचं काय झालं ती वेगळी रडकथा आहे, तिच्यात मी शिरत नाही.

ठाण्यात असं सपाट अंगण कुठेच नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ पेशंट दगावले. तो आठवडा ठाण्यात ज्यांनी काढला त्यांना आठवत असेल. टीव्हीच्या गाड्या, मोर्चे, मंत्र्यांच्या भेटी, चौकशी समिती. लोकलमध्ये, भाजीवाल्याकडे, आमच्या कँटीनमध्ये तोच विषय. पुढे ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यातली १२ नवजात बाळं, आणि पुन्हा तेच चक्र.

अठरा हा आकडा भयंकर आहे, आणि अठरा घरांसाठी तो आकडा नव्हताच. पण रुग्णालय कसं चाललंय हे त्यावरून ठरवायला बसलं की पहिला प्रश्न येतो, एरवी तिथे दिवसाला किती जातात? दुसरा, किती भरती होते आणि कोणत्या अवस्थेत? ठाणे महापालिकेचं हे पाचशे खाटांचं रुग्णालय. तिथे कळवा-मुंब्र्याचे पेशंट येतात, दिव्याचे येतात, आणि शहापूर, मुरबाड, पालघरकडून रात्री-अपरात्री जीपमध्ये घालून आणलेलेही येतात. त्या काळात जिल्हा सिव्हिल हॉस्पिटलची जुनी इमारत नव्या बांधकामासाठी रिकामी झालेली, तिथला भारही इकडे वळलेला. आणि पालिकेचे अधिकारी तेव्हा जे म्हणाले, की काही पेशंट खासगीतून शेवटच्या घटकेला आले होते, ते आमच्या बाजूला काम करणाऱ्या कोणालाच नवीन नव्हतं.

आमच्या बाजूला म्हणजे खाडीच्या अलीकडे, खासगीत. इथे हे कसं घडतं ते सांगते. आयसीयूत आठवा दिवस. मेडिक्लेम संपला किंवा कधी नव्हताच. बिलिंगमधून रोज फोन. पेशंटच्या मुलाने दागिने मोडले, गावाकडच्या भावाकडून मागवले. डॉक्टर एका संध्याकाळी त्याला बाजूला घेतात आणि सांगतात की आता फारशी आशा नाही, हवं तर तुम्ही सरकारीत हलवू शकता. मुलगा "डामा"वर सही करतो. डामा म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. सल्ला कोणी दिला आणि विरुद्ध कोण गेलं, हे त्या कागदावर कधीच खरं लिहिलेलं नसतं. ॲम्ब्युलन्स कळव्याला जाते, नाहीतर सायनला. पेशंट तिथे पहाटे जातो. मृत्यू कोणाच्या खात्यात? कळव्याच्या. आमच्या महिन्याच्या तक्त्यात तो "डिस्चार्ज" रकान्यात बसतो, आणि आमचा मृत्युदर गोंडस दिसतो.

यात दर वेळी कोणाचा कावा असतो असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा तिथे पैसे संपलेलं एक घर असतं आणि रिकाम्या बेडची वाट बघणारा दुसरा पेशंट असतो. पण तुलना करायला बसलं की या एका रकान्याने सगळं उलटंपालटं होतं. अमेरिकेत सरकारी विमा रुग्णालयांना मोजताना भरतीपासून ३० दिवसांत पेशंट कुठेही दगावला तरी धरतो, घरी असो, दुसऱ्या रुग्णालयात असो. कारण साधं आहे, नाहीतर शहाणा माणूस पेशंट दारात न्यायला शिकतो. आपल्याकडे डिस्चार्जनंतर पेशंट नजरेआड. मी एकदा मीटिंगमध्ये सुचवलं की डामावर गेलेल्यांना महिन्याने फोन करूया. "सिस्टर, आपल्याला ते दु:ख उकरून काय करायचंय," असं उत्तर मिळालं. फार सभ्य उत्तर होतं ते.

खात्यात कोणाचं काय पडतं याचा एवढा विचार करायचं कारण, हल्ली गुणवत्तेचा बोलबाला आहे. एनएबीएचचं, म्हणजे रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या मंडळाचं, सर्टिफिकेट लॉबीत फ्रेम करून लागतं. सरकारी रुग्णालयांसाठी कायाकल्प, लक्ष्य अशा योजना आहेत. नीती आयोगाने २०२१ मध्ये देशातल्या ७०७ जिल्हा रुग्णालयांची कामगिरी मोजून अहवाल काढला: लाखामागे किती खाटा, किती भरलेल्या, एका डॉक्टरमागे ओपीडी किती. चांगली सुरुवात आहे, खाटाच नसतील तर पुढचं काय बोलणार. पण खाट मोजणं सोपं असतं. त्या खाटेवरून उठून माणूस घरी चालत गेला का, हे मोजायला त्याच्यामागे जावं लागतं.

मागे जाणारा एक वेडा होऊन गेला, बॉस्टनचा सर्जन अर्नेस्ट कॉडमन. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड, आणि ऑपरेशननंतर वर्षाने तो कसा आहे याची त्यावर नोंद, एवढीच त्याची कल्पना. मोठ्या रुग्णालयाने ऐकलं नाही तेव्हा त्याने स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं आणि १९११ ते १९१६ मधले ३३७ पेशंट आणि त्यांच्या उपचारात झालेल्या १२३ चुका छापून मोकळा झाला. स्वतःच्या चुका, स्वतःच्या खर्चाने. समव्यावसायिकांनी त्याला वाळीत टाकल्यासारखं केलं. आमच्या सर्जन मंडळींना मी हे एका कॉन्फरन्सच्या चहाच्या वेळी सांगितलं तर एक जण म्हणाले, "त्याला मेडिको-लीगल केस माहीत नसतील." सगळे हसले. हसण्यात तथ्य होतं. ज्या शहरात पेशंट दगावला की रिसेप्शनच्या काचा फुटतात, तिथे चुकांची यादी छापा म्हणणं मला तरी जमत नाही.

मग आकडे दाखवायचे कोणाला? यावर दोन टोकं आहेत आणि दोन्हीकडे पुरावा आहे. न्यूयॉर्क राज्याने १९८९ पासून बायपासच्या प्रत्येक केसची माहिती गोळा केली, पेशंटचं वय, हृदयाची ताकद, मधुमेह वगैरे धरून हिशोब केला, म्हणजे अंगणाला दोरी लावली, आणि रुग्णालयांचे दर जाहीर केले. १९९१ मध्ये न्यूजडे या वृत्तपत्राने कोर्टात जाऊन सर्जनच्या नावानिशी आकडे मिळवले आणि छापले. १९८९ ते १९९२ मध्ये तिथला असा दोरी लावून काढलेला मृत्युदर ४.१७ टक्क्यांवरून २.४५ वर आला. दुसऱ्या बाजूला पेनसिल्व्हेनिया. तिथेही तशीच यादी निघत होती; १९९६ साली छापून आलेल्या पाहणीत ६३ टक्के हृदय सर्जननी कबूल केलं की यादीमुळे अतिगंभीर पेशंटवर ऑपरेशन करायला आपण आता कचरतो. दोरी लावूनही. मला या दोन्हींत विरोध वाटत नाही. माणसं सुधारतातही आणि लपवतातही, बऱ्याचदा एकच माणूस एकाच महिन्यात दोन्ही करतो.

लपवण्याचं शास्त्र मी जवळून बघितलं आहे. एका वर्षी व्यवस्थापनाने सांगितलं, "सिस्टर, यंदा लाइन इन्फेक्शन झिरो पाहिजे." झिरो आलंही. कसं? ताप आला की ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का ही तपासणी, पाठवायच्या ऐवजी अँटिबायोटिक बदलून बघायचं. कल्चरच गेलं नाही तर जंतू सापडणार कुठून, आणि जंतू सापडला नाही तर इन्फेक्शन नाही. त्या तिमाहीत पाठवलेल्या कल्चरची संख्या मी शून्याच्या शेजारी मांडली तेव्हा मीटिंगमध्ये बराच वेळ एसीचा आवाज ऐकू येत होता.

हाताच्या ऑडिटचं तर विचारू नका. जागतिक आरोग्य संघटनेने हात साफ करायचे पाच क्षण ठरवून दिले आहेत: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, अंगातल्या स्रावांशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावून झाल्यावर. मी कोपऱ्यात उभी राहून मोजते. मी वॉर्डात शिरले की पहिल्या बेडपासून शेवटच्या बेडपर्यंत बातमी पोचते. मावशी बाटलीकडे धावतात. आरएमओ, म्हणजे वॉर्डातला निवासी डॉक्टर, दोनदा हात चोळतो. फिजिओची मुलगी माझ्याकडे बघून हात वर करून दाखवते, झाले म्हणून. टोरांटोतल्या एका रुग्णालयात बाटल्यांना यंत्र बसवून मोजलं तेव्हा तपासनीस समोर दिसत असताना हात साफ करण्याचं प्रमाण एरवीच्या सुमारे तिप्पट निघालं. मला यंत्र मिळणं शक्य नाही, म्हणून मी आता स्टोअरमधून किती हॅण्डरब उचललं गेलं आणि पेशंट-दिवस किती झाले याचा भागाकार करते. त्यातही पळवाट आहेच, मीटिंगच्या आदल्या दिवशी बाटल्या बेसिनमध्ये रिकाम्या करता येतात. अजून तरी कोणी केलेल्या नाहीत. बहुतेक कोणाला सुचलेलं नाही.

सगळ्यात जास्त मनाला लागलेली गोष्ट चौथ्या मजल्याची. तिथली इनचार्ज सिस्टर जुन्या वळणाची, सगळं लिहिणारी. पेशंट बाथरूममध्ये घसरला, लिही. इन्सुलिन अर्धा तास उशिरा गेलं, लिही. कुशीवर न वळवल्याने पाठीला लाली आली, जखम नाही, नुसती लाली, तरी लिही. तिसऱ्या मजल्यावर काहीच घडत नसे. तिथे म्हणे कोणी पडत नाही, कोणाचं औषध चुकत नाही. तिमाहीच्या मीटिंगमध्ये बाहेरून आलेल्या सल्लागाराने दोन्ही मजल्यांचे उभे खांब शेजारी शेजारी लावले, चौथ्याचा लाल, तिसऱ्याचा हिरवा. दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्याच्या इनचार्जच्या हातात खुलाशाचा मेमो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुढच्या महिन्यात चौथ्या मजल्यावरही कोणी पडेनासं झालं.

मी त्या मेमोविरुद्ध मेट्रनपासून मेडिकल डायरेक्टरपर्यंत भांडले. माझं म्हणणं एवढंच होतं, की तीस बेडच्या मेडिकल वॉर्डात म्हातारी माणसं असताना महिनोन्महिने शून्य घटना हा चमत्कार आहे, आणि चमत्काराचा खुलासा मागायचा असेल तर तो तिसऱ्या मजल्याकडे मागा. मेमो मागे घेतला गेला. तोंडी. लेखी मागे घ्यायची पद्धत नाही म्हणे. सिस्टरने पुन्हा लिहायला सुरुवात केली, पण पूर्वीसारखं लालीपर्यंत नाही.

याच्या उलट मिशिगनचं उदाहरण मी नवीन मुलींना नेहमी देते. तिथल्या शंभरावर आयसीयूंनी सेंट्रल लाइन टाकताना पाच गोष्टी पाळायच्या ठरवल्या: हात धुणं, पूर्ण गाऊन-मास्क-ड्रेप, क्लोरहेक्सिडिनने त्वचा साफ करणं, शक्यतो जांघेतून लाइन न टाकणं, आणि गरज संपली की लाइन काढणं. यात एकही गोष्ट नवी नव्हती. नवं होतं ते हे, की पायरी चुकली तर सिस्टर डॉक्टरला थांबवू शकेल, आणि वरिष्ठ तिच्या बाजूने उभे राहतील. प्रत्येक आयसीयूला आपला दर परत कळवला जाई. दीड वर्षात हजार लाइन-दिवसांमागचा सरासरी दर ७.७ वरून १.४ वर आला; २००६ साली हे प्रसिद्ध झालं. कोणाची यादी लावलेली नव्हती, कोणाला लाल खांब नव्हता. प्रत्येकाची तुलना मुख्यतः स्वतःच्या मागच्या महिन्याशी. आपलं अंगण महिन्याभरात फारसं बदलत नाही, त्यामुळे वाकडेपणाचा वादच येत नाही.

डॉक्टरला थांबवणं मात्र अंगात यावं लागतं. आमच्याकडे ही पाच गोष्टींची यादी आली तेव्हा एक वरिष्ठ सर रात्री लाइन टाकायला आले, नुसते ग्लोव्हज घालून. तिथली मुलगी, केरळची, नोकरीला लागून वर्ष झालेलं नाही, गाऊनचं पाकीट उघडून हातात धरून उभी राहिली. बोलली काहीच नाही. सर म्हणाले, "राहू दे गं, इमर्जन्सी आहे." ती हलली नाही. सरांनी गाऊन घातला. सकाळी मला हे तिने नाही, सरांनीच सांगितलं, तक्रारीच्या सुरात, पण चेहऱ्यावर तक्रार नव्हती.

अंगणाला दोरी कशी लावायची याचा मला सगळ्यात आवडणारा नमुना सिझेरियनचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या शंभरातल्या २५ बाळंतपणांत सिझेरियन झालेलं दिसतं. देशभरात सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के, खासगीत ४७.४. हे वाचून घोडबंदर रोडवरच्या प्रत्येक मॅटर्निटी होमला लुटारू ठरवणं सोपं आहे, आणि व्हॉट्सॲपवर ते रोज ठरवलं जातं. तिथल्या डॉक्टरबाई म्हणतात, माझ्याकडे पस्तिशीतल्या, आयव्हीएफच्या, जुळ्यांच्या, आधी सिझर झालेल्या बायका येतात. तेही खोटं नाही. यावर मायकेल रॉबसन नावाच्या डॉक्टरने २००१ मध्ये सोपी युक्ती काढली: सगळ्या बाळंतिणींचे दहा गट करा. पहिलटकरीण, एकच बाळ, डोकं खाली, दिवस भरलेले, कळा आपोआप आलेल्या, हा पहिला गट. आता फक्त या गटातल्या सिझेरियनचं प्रमाण दोन रुग्णालयांत ताडून बघा. इथे आयव्हीएफ आणि जुळ्यांचं कारण चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये हीच पद्धत सगळ्यांनी वापरावी असं सुचवलं. यासाठी संगणक लागत नाही, प्रसूतीच्या रजिस्टरात एक जादा रकाना लागतो. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी आपल्या पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये तो रकाना आखला. पहिल्या गटाचा आकडा बघून त्या स्वतःच गप्प झाल्या, आणि रात्री दोनला कळा लांबल्या तर सिझरचा निर्णय घेण्याआधी आता एका मैत्रिणीला फोन करतात.

लहान नर्सिंग होमची मात्र एक अडचण आहे. नौपाड्यात, कोपरीत दुकानांच्या वर पहिल्या मजल्यावर जी दहा-पंधरा खाटांची हॉस्पिटलं आहेत, तिथे वर्षाला हार्ट अटॅकचे चार पेशंट येणार. एक गेला तर मृत्युदर २५ टक्के, एकही नाही गेला तर शून्य. दोन्ही आकड्यांना काडीचा अर्थ नाही. अशा ठिकाणी मृत्यू मोजण्यापेक्षा, अटॅकचा पेशंट दारात आल्यावर ईसीजी किती मिनिटांत निघाला हे मोजलं तर काहीतरी कळेल. ते प्रत्येक पेशंटमागे मोजता येतं आणि त्यात नशिबाचा भाग कमी.

आमच्या सोसायटीत मी सिस्टर म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये एकच प्रश्न येतो. कुठलं हॉस्पिटल चांगलं? गूगलवरचे तारे त्यांनी आधीच बघितलेले असतात. मीही वाचते ते. "स्टाफ व्हेरी पोलाइट." "पार्किंगची सोय नाही." "कँटीनचा उपमा गार." जखम चिघळली का, पुन्हा ऑपरेशन लागलं का, हे एखाद्यानेच लिहिलेलं असतं, आणि लिहिलं असेल तर इतक्या रागाने की त्यातून काही समजत नाही. उपमा गार असणं वाईटच, पण त्याने कोणाला सेप्सिस होत नाही.

सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा गुडघा बदलायचा होता. त्यांची मुलगी पुण्याहून आली आणि माझ्या मागे लागली, ताई, तुम्ही नाव सांगा. नाव मी कोणालाच सांगत नाही. तिला मी विचारायचे प्रश्न लिहून दिले. गेल्या वर्षी किती गुडघे केले? त्यातल्या किती जणांना जखमेत इन्फेक्शन झालं? ते किती महिन्यांपर्यंत बघता? कारण गुडघ्यात बसवलेल्या सांध्याचं इन्फेक्शन टाके काढल्यावर संपत नाही, महिन्यांनीही डोकं वर काढतं, आणि दहाव्या दिवशी फाइल बंद करणाऱ्याचा आकडा शून्यच येणार. शेवटचा प्रश्न, हा हिशोब ठेवतं कोण?

पहिल्या हॉस्पिटलात काउंटरवरच्या मुलीने तिला पॅकेजचं रंगीत पत्रक दिलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः डॉक्टर आहात का?" दुसरीकडे सर्जन म्हणाले की आमच्याकडे इन्फेक्शन होतच नाही. तिसरीकडे सर्जनने इनचार्ज सिस्टरला बोलावलं. तिने टेबलाच्या खणातून एक लांबट वही काढली, आखलेली, तीन महिने, सहा महिने, वर्ष असे रकाने, आणि फोन केल्याच्या तारखा. गेल्या वर्षी दोघांना इन्फेक्शन झालं होतं, एकाचा सांधा पुन्हा उघडावा लागला होता. सर्जन म्हणाले, त्या दोघांनाही डायबेटिस होता. सिस्टर म्हणाली, "सर, इन्फेक्शन नाही झालं त्यातल्या पण पुष्कळांना होता," आणि पुढचं पान उलटून दाखवलं, तिथे साखरेचाही रकाना होता.

मुलीने मला फोन करून विचारलं, ताई, दोन म्हणजे जास्त ना? मी विचारलं, कितीत दोन? तिने तो आकडाही आणला होता. काकांना तिथेच ॲडमिट केलं. आता ते सकाळी मासुंदा तलावाला फेरी मारतात. पण एका गुडघ्यावरून मी काही बोलणार नाही, आणि त्या वहीत त्यांचा वर्षाचा रकाना अजून भरायचा आहे.